दारापासून झाडापर्यंत

"पाटी छातीशी धर. वर. अजून वर. नाव दिसलं पाहिजे."

मी पाटी वर केली. शाळेत असते तसलीच, लाकडी चौकटीची. तिच्यावर खडूने माझं नाव, बापाचं नाव, गाव, तालुका. माझ्याच हाताने लिहायला लावलेलं. एका हातात पाटी, दुसऱ्या हातात सायकलचं हँडल. समोर गार्ड, त्याच्या हातात मोबाइल.

"हस की जरा," गार्ड म्हणाला. "लग्नाला फोटो पाठवायचाय असं समज."

मागे रांगेत कुणीतरी हसलं. मीही हसलो. लिहायला लाज वाटते, पण हसलो. त्या फोटोत मी हसतोय. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, कामाच्या कपड्यात, छातीशी पाटी धरून, दात दाखवतोय.

दुपारचे साडेतीन. पहिली पाळी सुटलेली. परमनंट लोक मोटारसायकली काढून आमच्या शेजारून बाहेर पडत होते. एकाने गाडी हळू केली. "काय रे, आधार कार्ड काढताय काय इथं?" असं म्हणून तो गेला. त्याच्याशी माझं वैर नाही. दिवाळीत त्याने मला फराळ दिला होता. आमच्याकडे बघून त्याला चेष्टाच सुचली. आमच्या रांगेला चोरांची रांग म्हणतात हे त्याला कळलं असणार. आम्हाला तर कळलंच होतं.

सातपूरच्या एका कारखान्यात मी ठेकेदाराकडून लागलेला आहे. पॅकिंगला. नऊ वर्षं झाली. कारखान्याचं नाव लिहीत नाही. तिथे काय बनतं तेही नाही. त्याने काही फरक पडत नाही.

आदल्या दिवशी, बुधवारी, कारखान्याच्या सर्वांत मोठ्या साहेबांची सायकल गेली होती. गिअरची. हलकी इतकी की दोन बोटांवर उचलावी. साहेब आठवड्यातून एकदा गंगापूर रोडच्या बंगल्यावरून सायकलने यायचे. डोक्यावर हेल्मेट, डोळ्याला काळा चष्मा. ती सायकल गेटच्या आत, पत्र्याच्या शेडखाली, गाड्यांच्या स्टँडमध्ये उभी असायची. तिला कुलूप नसायचं. आतून कोण नेणार?

आमच्या सायकली आत नसायच्या. "ठेकेदारीची सायकल आत नाही," हा नियम. कुठे लिहिलेला नाही, पण आहे. कारण विचारलं तर सांगायचे, जागा नाही. स्टँडचा अर्धा भाग रिकामा असायचा. त्या रिकाम्या भागात पावसाळ्यात कुत्री झोपायची. आम्ही सायकली बाहेर लावायचो. भिंतीला लागून नाला, नाल्याकाठी एक कडुनिंब, त्याच्या भोवती.

तिथून सायकली जायच्या. पावसाळ्यापासून चार गेल्या. गेटवर सांगितलं तर म्हणायचे, बाहेरची जबाबदारी आमची नाही. पोलीस चौकीत विचारायचे, बिल आहे का. जुन्या सायकलीचं बिल कुणाकडे असतं? मी माझी सायकल एका रिटायर माणसाकडून घेतली, त्याने ती कुणाकडून घेतली ते त्यालाच ठाऊक.

सायकल गेली म्हणजे काय जातं ते नीट सांगतो. मी पेठ रोडला राहतो. सातला गेट. सात पाचला हजेरी बंद. तेवढ्या सकाळी आमच्याकडून सातपूरला नेणारी बस नाही. रिक्षावाला एकट्यासाठी येत नाही, आला तर परवडत नाही. मखमलाबादवरून, पूल ओलांडून, पाऊण तास पायडल मारलं की मी पोचतो. सायकल नसेल तर पोचत नाही. तीन दिवस पोचलो नाही की माझ्या जागी दुसरा उभा असतो. म्हणून मी सायकल घरात झोपवतो. खोली दहा बाय दहाची. बायको म्हणते, "तिसरं पोर आहे हे तुमचं." कामावर गेल्यावर सीट काढून डब्याच्या पिशवीत घालायचो, म्हणजे चोराला बसून पळवता येऊ नये. पॅकिंगच्या टेबलाशी उभा असताना दिवसातून दहा वेळा मनात यायचं. आत्ता असेल का. आत्ता गेली असेल का. नऊ वर्षांत मी निवांत असा एकदाही जेवलेलो नाही त्या कारखान्यात.

मग आम्ही साखळी केली. कल्पना अन्वरभाईची. तोही ठेकेदारीत, वेल्डिंगला. पैसे गोळा करून जाड लोखंडी साखळी आणली. कडुनिंबाच्या बुंध्याला एक टोक. मग एकेका सायकलच्या मागच्या चाकातून आणि दांड्यातून ओवत ओवत शेवटपर्यंत. अकरा सायकली. शेवटी एक मोठं कुलूप. चावी एकाकडे. चोर आला तर त्याला अकराही न्याव्या लागतील, झाडासकट.

"झाड नेलं तर?" कुणीतरी विचारलं.

"मग त्याला सावलीबी मुबारक," अन्वरभाई म्हणाला.

चावी माझ्याकडे आली. वयाने मी मोठा, आणि पॅकिंग गेटच्या जवळ. मला बरं वाटलं होतं तेव्हा. कुणीतरी आपल्यावर विश्वास ठेवला असं.

साखळीचा एक नियम होता. कुणाला मधेच जायचं असेल तर त्याने आधी मला सांगायचं. मी सुपरवायझरची परवानगी काढायची, त्याच्याबरोबर गेटबाहेर यायचं, कुलूप उघडायचं, त्याची सायकल सोडवायची, साखळी पुन्हा ओवायची, कुलूप लावायचं, आत यायचं. म्हणजे जाणारा माणूस कधीच एकटा जात नसे. दारापासून झाडापर्यंत मी त्याच्याबरोबर असे.

हे लक्षात ठेवा. यावरच सगळं आहे.

आमच्यात काशिनाथ होता. सुरगाण्याकडचा, डोंगरातला. माझ्याच लाइनीत खोकी उचलायचा. बोलणं कमी. त्याची सायकल लेडीज. थोरल्या मुलीला शाळेत जायला मिळालेली. तिचं लग्न झालं तेव्हा ती सायकल बापाकडे आली. गुलाबी रंगाची, पुढे जाळीची बास्केट. लोक हसायचे. तो बास्केटमध्ये डबा ठेवायचा आणि म्हणायचा, "डबा सांडत नाय. तुमचा सांडतो."

त्या बुधवारी दुपारी त्याला आश्रमशाळेतून फोन आला. धाकट्या मुलीला ताप होता, उतरत नव्हता. येऊन घेऊन जा, म्हणाले. तो माझ्याकडे आला. मी सुपरवायझरला विनवलं. एक वाजता आम्ही दोघं गेटवर आलो. गार्डने त्याची पिशवी उघडली, डबा उघडून बघितला, खिसे चाचपले. रोजचंच. मग आम्ही बाहेर झाडाशी गेलो. मी कुलूप काढलं. त्याने सायकल काढली. बास्केटमध्ये रिकामा डबा. मी साखळी पुन्हा ओवली. तो म्हणाला, "जातो दादा, सुरगाण्याची गाडी गाठायची हाय." तो रस्त्याला लागून वळणापर्यंत गेलेला मी बघितला.

संध्याकाळी साहेब घरी जायला निघाले आणि सायकल जागेवर नाही. स्टँडवरचा कॅमेरा बंद पडलेला. आमच्या झाडावर कॅमेरा कधी नव्हताच.

दुसऱ्या दिवशी पाटी.

अकरा जणांत दहाच फोटो निघाले. काशिनाथ सुरगाण्याहून आलेला नव्हता. ठेकेदारीतल्या बायका बसने यायच्या, त्यांना सोडलं. परमनंटमधल्या एकालाही थांबवलं नाही. स्टँडमध्ये आम्हाला पाय ठेवायला परवानगी नव्हती, आणि स्टँडमधून गेलेल्या सायकलसाठी आम्ही उभे होतो. हे तेव्हा कुणी बोललं नाही. मी तर नाहीच.

फोटो झाल्यावर सिक्युरिटीच्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. सोबत एचआरचे साहेब. पंखा चालू होता आणि मला घाम येत होता. पाय थरथरत होते ते पँटीतून दिसू नयेत म्हणून मी टेबलाला खेटून उभा राहिलो.

"चावी तुझ्याकडे असते ना?"

"हो साहेब."

"म्हणजे बाहेर कोण कधी जातं ते तुला माहिती."

"हो साहेब."

"हे बघ. आम्हाला सगळ्यांना काढायचं नाही. ठेकेदाराला सांगितलं तर तो उद्या अकरा नवीन आणून देईल. तुझी नऊ वर्षं झालीत. एक नाव सांग. बाकीचे सुटतील."

एचआरचे साहेब मोबाइलमध्ये बघत होते. ते वर न बघता म्हणाले, "काल कोण लवकर गेलं?"

आता मी जे सांगणार आहे ते घरातसुद्धा बरेच दिवस सांगितलेलं नव्हतं.

मी चौथीत होतो. दिंडोरी तालुक्यात आमचं गाव. आमची वस्ती ओढ्याच्या खालच्या अंगाला. खालची वस्ती म्हणजे कोण, ते गावात कुणाला सांगावं लागत नसे. तुम्हालाही लागणार नाही. गुरुजी सायकलने यायचे. सायकलच्या दांड्याला हवा भरायचा पंप लावलेला असे. एक दिवस पंप गेला. गुरुजींनी वर्गात येऊन कुणाला काही विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "खालच्या वस्तीतली पोरं उभी राहा."

आम्ही पाच जण उभे राहिलो. गुरुजींच्या हातात छडी. माझी चड्डी ओली व्हायला आली होती. गुरुजी माझ्यासमोर आले आणि मी म्हणालो, "गुरुजी, सोमा काल पंपाला हात लावत होता." सोमाही आमच्यात उभा होता, पण तो आमच्या वस्तीच्याही पलीकडच्या भिल्लवस्तीतला. त्याने हात लावला होता हे खरं. मीही लावला होता. सगळ्यांनीच लावला होता, एवढी चमकती वस्तू.

गुरुजी मला म्हणाले, "बस खाली."

पुढे सोमाला काय झालं ते मी बघितलं नाही. डोकं पुस्तकात घातलं होतं. आवाज आला. पंप सापडला की नाही, आठवत नाही. मला बसायला सांगितलं ते आठवतं. बसल्यावर पायांना किती बरं वाटलं तेही आठवतं. सोमा पुन्हा शाळेत आला नाही.

आपल्यावर बोट आलं की आपल्याहून खालचा शोधायचा आणि ते बोट तिकडे वळवायचं. मला हे कुणी शिकवलं नव्हतं. त्या वर्गात ते हवेत होतं. मी श्वास घेतला आणि शिकलो.

केबिनमध्ये एचआरचे साहेब वाट बघत होते.

"काशिनाथ," मी म्हणालो. "एक वाजता गेला."

एवढंच. खोटं एक अक्षर नाही. मी त्याच्याबरोबर होतो, हे सांगितलं नाही. त्याची पिशवी तुमच्याच गार्डने उघडली, हे सांगितलं नाही. मुलीचा ताप सांगितला नाही. बोलायला अर्धं मिनिट लागलं असतं. तोंड उघडेना. आणि त्यांनीही पुढचं विचारलं नाही. त्यांना तेवढंच पुरत होतं.

"जा," सिक्युरिटीचे साहेब म्हणाले. "आणि बाहेर काही बोलू नकोस."

मी बाहेर आलो. बाकीचे नऊ जण सायकली धरून माझी वाट बघत होते. अन्वरभाईने विचारलं, "क्या पूछा?"

"काही नाही," मी म्हणालो. "चावीचं."

शुक्रवारी सकाळी काशिनाथ आला. रात्रीच्या गाडीने आलेला, डोळे लाल. पोरगी बरी आहे का विचारलं तर मान हलवली. त्याने गुलाबी सायकल झाडाशी लावली आणि मी साखळी ओवेन म्हणून बाजूला उभा राहिला. तेवढ्यात दोन गार्ड आले.

"ही कुणाची?"

"माझी."

"लेडीज? कुणाची उचललीस?"

"पोरीची हाय. साळंतून भेटली व्हती."

"चल. सायकल घेऊन चल."

त्याने माझ्याकडे बघितलं. तो घाबरलेला नव्हता. त्याला वाटलं, दादा आहे इथे, दादा सांगेल. मी साखळीचं टोक हातात धरून उभा होतो. मी खाली वाकलो आणि दुसऱ्याच एका सायकलच्या चाकातून साखळी ओवायला लागलो. हाताला काम दिलं. मान वर केली तेव्हा ते गेटमध्ये शिरले होते. ठेकेदारीच्या माणसाची सायकल त्या दारातून पहिल्यांदा आत गेली ती अशी.

त्याच्याही हातात पाटी दिली. त्याला लिहिता येत होतं, पण गार्डने स्वतः लिहिलं. त्याचा फोटो काढला. दोन तास केबिनच्या मागे उकिडवा बसवला. मी पॅकिंगच्या खिडकीतून बघत होतो. मग त्याला सांगितलं, चौकशी होईपर्यंत कामावर यायचं नाही आणि सायकल इथेच राहील, बिल आणून दाखव. तो चालत गेला. पेठ रोडपर्यंत चालत. हातात डबा होता.

त्या रात्री मी जेवलो नाही. बायकोने विचारलं, "सायकल ठीक आहे ना?" मी म्हणालो, ठीक आहे. सायकल खाटेच्या पायथ्याशी उभी होती. मी पहिल्यांदाच तिच्याकडे पाठ करून झोपलो.

पुढच्या बुधवारी साहेब सायकलने आले.

तीच सायकल. निळी, पातळ चाकांची. डोक्यावर हेल्मेट. गार्डने सॅल्यूट मारला. आमचे हात टेबलावर तसेच थांबले. तासाभरात सगळीकडे कळलं. साहेबांनीच कधीतरी ड्रायव्हरला सांगितलं होतं, गिअर खडखडतोय, दाखवून आण. त्या बुधवारी ड्रायव्हरने सायकल गाडीच्या मागे टाकून दुकानात दिली आणि संध्याकाळी भाचीच्या लग्नाला कळवणला निघून गेला. साहेब सांगितलेलं विसरले. ड्रायव्हर मंगळवारी परत आला आणि दुकानातून सायकल घेऊन आला.

म्हणजे चोरीला गेलेली सायकल गेटमधून, गार्डच्या समोरून, गाडीच्या मागच्या भागात बसून गेली होती. आमचे डबे उघडून बघणाऱ्या गेटवर साहेबांच्या गाडीची काच खाली करायला सांगायची पद्धत नाही.

मला वाटलं, आता काशिनाथला बोलावतील. सायकल देतील. आमचे फोटो काढून टाकतील. गुरुवार गेला. शुक्रवार गेला. केबिनच्या काचेवर अकरा फोटो तसेच. काशिनाथची गुलाबी सायकल केबिनच्या मागे, बास्केटमध्ये गार्डांनी चहाचे कागदी कप टाकलेले. मी रोज चार वेळा तिच्याजवळून जायचो. कुणी काही बोलत नव्हतं. अन्वरभाईने एकदाच म्हटलं, "काशिनाथ का नाम किसने दिया, पता चला तो..." माझ्याकडे बघत नव्हता तो. त्या दिवशी कुलूप काढून मी सगळ्यांच्या आधी निघालो.

मला दोन भीती होत्या. एक, साहेबांची. दुसरी, अन्वरभाईची. दुसरी जास्त होती.

रविवारी मी काशिनाथच्या खोलीवर गेलो. माझ्या घरापासून दहा मिनिटांवर राहतो, आणि त्या दहा दिवसांत मी रस्ता बदलून जात होतो. दुपारची वेळ. तो दारात बसून चपलेला खिळा मारत होता. रोज सकाळी मजूरअड्ड्यावर चालत जातो, म्हणाला. काम कधी मिळतं, कधी नाही. उशिरा पोचणाऱ्याला मिळत नाही. पोरगी आत झोपलेली. त्याची बायको भाजी निवडत होती. तिने विचारलं, "चा ठेवू?"

"नको," काशिनाथ म्हणाला. "ते बसाया नाय आले."

मी उभाच होतो. मी म्हणालो, "काशिनाथ, तुझं नाव मी सांगितलं."

"मला ठावं हाय. त्या गार्डानं सांगितलं. तुझ्याच दादानं नाव दिलं म्हने."

"मी खोटं नाही बोललो. तू एक वाजता गेलास एवढंच..."

"खोटं नाय बोलले तुमी." त्याने चप्पल खाली ठेवली. "एक वाजता गेलो, खरंच हाय. पन तुमी व्हते ना माझ्यासंगं? एवढंच सांगायचं व्हतं."

त्याने आवाज चढवला नाही. शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं. मी म्हणालो, मला माफ कर. त्याने चपलेत पाय घालून बघितला, खिळा टोचतो का ते. मग म्हणाला, "माफीनं अड्ड्यावर पोचता येत नाय दादा. सायकल लागते."

परत येताना रस्त्यात मी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो. ऊन लागत होतं. सत्तेचाळीस वर्षं मी समजत होतो की मला खाली बघायला लावणारे वर बसलेत. गुरुजी, साहेब, गेट. ते आहेतच. पण त्यांच्यासाठी रांगेतून माणूस काढून देणारा मी होतो. दोनदा. माझ्यासारखा एक जण प्रत्येक रांगेत मिळतो म्हणून त्यांना हात वर उचलावा लागत नाही. मी घाबरलेला असणं हेच त्यांचं काम सोपं करत होतं. ते मला त्या पायरीवर कळलं. उशिरा कळलं. सोमासाठी तर फारच उशिरा.

सोमवारी साडेतीनला पुन्हा रांग लावली. सिक्युरिटीचे साहेब म्हणाले, मागचे फोटो घाईत काढले, आता दर महिन्याला नवीन काढायचे, रेकॉर्डला. आणि एका छापील कागदावर सही. कागदावर होतं की आवारात चोरी झाल्यास माझी चौकशी करायला माझी हरकत नाही.

तीच पाटी. पुसून पुन्हा दिलेली. मी रांगेत तिसरा. माझी पाळी आली. गार्डने पाटी पुढे केली.

मी हात पुढे केला नाही.

"धर."

"धरणार नाही."

मोठ्याने म्हणालो नाही. आवाज फाटला. या वेळी खेटून उभं राहायला टेबलही नव्हतं पुढे. साहेब पुढे आले. "काय नाटक आहे?"

मी म्हणालो, "काशिनाथ त्या दिवशी एक वाजता गेला तेव्हा मी त्याच्याबरोबर होतो. दारापासून झाडापर्यंत. त्याच्याजवळ रिकामा डबा होता. गार्डने पिशवी बघितली होती. हे मी त्या दिवशी सांगितलं नाही. त्याचं नाव मी दिलं. आता सांगतोय. लिहून घ्या."

मी मागे बघितलं नाही. अन्वरभाई माझ्या लगेच मागे होता.

"आता काय उपयोग त्याचा?" साहेब म्हणाले. "सायकल सापडली ना."

"म्हणूनच लिहून घ्या. मोठ्या साहेबांची सापडली. त्याची तुमच्याकडे आहे."

"त्याच्याकडे बिल नाही."

"साहेबांना बिल विचारलं होतं?"

हे माझ्या तोंडून कसं निघालं माहीत नाही. साहेब माझ्या अगदी जवळ आले. मला वाटलं, मारतात. मी डोळे मिटले. मारलं नाही. म्हणाले, "नऊ वर्षं झाली ना तुझी? उद्यापासून येऊ नको. ठेकेदाराशी बोल."

मी चावी अन्वरभाईच्या हातात दिली. त्याने घेतली. माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. तो मला म्हणाला, "तूने दिया था?" मी म्हणालो, "हो." तो पुढे सरकला. त्याच्या समोर पाटी आली. त्याने ती घेतली, आणि गार्डच्या खुर्चीवर उलटी ठेवून दिली. मागच्यांनी फोटो काढून घेतला. त्यांना मी काही म्हणत नाही. त्यांच्या जागी मी होतो.

आज गुरुवार. तीन दिवस मी घरी आहे. बायको रात्री उठून दाराची कडी तपासते, मग माझ्याकडे बघते. तिला विचारायचं आहे की पुढे काय, पण विचारत नाही. ठेकेदार फोन उचलत नाही. अन्वरभाई माझ्याशी बोलत नाही. त्याने निरोप पाठवला तो दुसऱ्याच्या हाती: साक्षीला येईन, तुझ्यासाठी नाही.

बरोबर आहे त्याचं.

उद्या सकाळी मी आणि काशिनाथ सरकारी कामगार ऑफिसात जाणार आहोत. तो यायला तयार नव्हता. म्हणाला, तिथं बी पाटीच देतील. मी त्याला सांगितलं, तू बोलू नकोस, मी बोलतो. मी कागदावर सगळं लिहून काढलं आहे. सुरुवात काशिनाथपासून केली होती, ते पान फाडलं. आता पहिल्या ओळीत माझं नाव आहे, आणि दुसऱ्या ओळीत मी केबिनमध्ये काय सांगितलं आणि काय सांगितलं नाही ते. त्यावर मला परत कामावर घेणार नाहीत, केस करतील, गावात सांगतील. करू देत. भीती गेलेली नाही. हे लिहितानासुद्धा अक्षर वाकडं येतंय. पण उद्या काय सांगायचं ते मला भीतीला विचारायचं नाही.

तिथून आम्ही गेटवर जाणार. आत सोडलं नाही तर गेटसमोर, रस्त्यावर, साहेबांची गाडी जाते तिथे उभा राहणार. काशिनाथ त्या गुलाबी सायकलवर बसून घरी जाईपर्यंत मी तिथून हलणार नाही. आणि उद्या ती मिळाली नाही, तर परवा.